वणीच्या टेकड्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीपासून घुग्घुसपर्यंतच्या पट्ट्यातल्या टेकड्या जुन्या नकाशांवर सापडणार नाहीत, कारण त्या खाणींतून निघाल्या. कोळशाच्या डोक्यावरची माती, मुरूम आणि खडक उपसून रचलेल्या या ढिगाऱ्यांना आणि नदीकाठच्या पूरबांधांना आपण खाणीचा टाकाऊ माल समजतो. माझ्या मते त्यांना धरणाचीच कसोटी लावायला हवी. प्रश्न तसा अलीकडचा आहे. वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याची सरकारी भूमिगत खाण 1871 ते 1906 चालली, तेव्हा कोळसा वर यायचा आणि माती बहुतेक जागेवरच राहायची. 1973 च्या राष्ट्रीयीकरणानंतर उकणी, निलजई, मुंगोली, कोलारपिंपरी अशा वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) उघड्या खाणींनी हिशेब उलटा केला: कोळसा काढायचा तर आधी डोंगरभर माती हलवायची, आणि ती ठेवायला जागा शोधायची.

काळी माती पाणी अडवते, राज्यातली कितीतरी धरणे मातीचीच आहेत, मग भीती कसली, असे कुणी म्हणेल. पण धरणात ती माती गाभ्यात असते, ठरलेल्या ओलाव्यावर, थरावर थर दाबून. टिप्परने ओतलेल्या ढिगाऱ्याला ना गाभा, ना दाब. उन्हाळ्यात ती माती भेगाळते आणि पहिला जोराचा पाऊस त्या भेगांतून आत शिरतो. वेल्समधल्या अॅबरफॅन गावावर 21 ऑक्टोबर 1966 रोजी खाणीचा ढिगारा कोसळला. तो झऱ्यावर रचलेला होता. 144 जण गेले, त्यांत 116 मुले. बांध बळकट करून पानशेतची धरणफुटी टळली असती का, हा वाद आपल्याकडे झालाच. निदान तिथे वाद घालण्याजोगा आराखडा तरी होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुलै 2022 मध्ये वर्धेला पूर आला तो अतिवृष्टीने आणि वरच्या धरणांच्या विसर्गाने, ढिगाऱ्यांनी नव्हे. पाणी ढिगाऱ्याने आणले नाही, हे मान्य. पण पूर पसरायला लागणारे सखल शिवार मातीने भरले, की तेवढेच पाणी अधिक उंच चढते. नदीकाठच्या गावांची तक्रार नेमकी हीच होती. खाण वाचवणारा बांध पलीकडच्या काठावर पाणी ढकलू शकतो, आणि तो फुटला तर खाणच बुडते. 1995 साली आताच्या झारखंडातल्या गॅसलिटांड खाणीत कतरी नदी शिरली, 64 कामगार गेले.

खाण नियमावली ढिगाऱ्याच्या एका पायरीची उंची 30 मीटरपर्यंत बांधते. उतार कोसळू नये यापुरते ते ठीक. पुराचा विचार त्यात येत नाही. 2021 चा धरण सुरक्षा कायदा नदीला आडव्या, पाणी अडवणाऱ्या किंवा वळवणाऱ्या बांधकामांसाठी आहे. वर्धेच्या किंवा निर्गुडा नदीच्या काठाने धावणारा बांध आडवा नाही, म्हणून तो त्या व्याख्येत बसत नाही. पाटबंधारे खाते पावसाळ्याआधी आणि नंतर धरणाची पाहणी करते. या बांधांनाही त्याच दोन पाहण्या, पाझर मोजण्याची सोय आणि अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर, इतके मिळायला नवा कायदा लागतो असे नाही.