मृगयेपूर्वींची मेहनत

धाराशिव जिल्ह्यांतील वाशी हें गांव बालाघाटाच्या पठारी मुलखांत वसलेलें आहे. कोठें काळी तर कोठें मुरमाड जमीन, मधूनमधून ओढे, उन्हाळ्यांत आटणारें पाणी आणि दूरवर पसरलेलें उघडें माळरान असा हा प्रदेश. अशा माळावर काळवीट माणसाला फार लांबून हेरतो व क्षणांत दिसेनासा होतो. येथें शिकार करावयाची तर हत्याराच्या आधीं पाय आणि दम तयार हवेत. बाराव्या शतकांत हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत होता. मल्लविद्या आणि मृगया या दोन्ही विषयांचें विवेचन एकाच ग्रंथांत करणारा राजा याच घराण्यांत होऊन गेला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

हा राजा म्हणजे तिसरा सोमेश्वर. त्यानें इ. स. 1126 ते 1138 पर्यंत राज्य केलें. ‘मानसोल्लास’ हा त्याचा संस्कृत ग्रंथ. त्याच्या पांच विंशति असून प्रत्येकींत वीस याप्रमाणें एकंदर शंभर अध्याय आहेत. त्यांपैकीं विनोदांच्या विंशतींत मल्लांच्या कुस्त्या व मृगया या दोहोंस स्थान मिळालें आहे. पाणवठ्याजवळ दबा धरणें, माणसाळलेल्या हरिणाकडून रानटी हरिणास भुलविणें, असे हरिणाच्या शिकारीचे अनेक प्रकार ग्रंथकारानें वर्णिले आहेत. यांतील बहुतेक प्रकारांत धांवण्याइतकेंच निश्चल बसण्याचें बळ लागतें. आणि थकलेल्या शरीराला निश्चल बसणें कधींच साधत नाहीं.

मल्लांच्या प्रकरणांत सोमेश्वरानें श्रमाचे पांच प्रकार सांगितले आहेत. भारश्रम म्हणजे ओझें उचलणें, भ्रमणश्रम म्हणजे चालणें, सलिलश्रम म्हणजे पोहणें, बाहुपेल्लणकश्रम म्हणजे बाहूंचा व्यायाम, आणि स्तंभश्रम म्हणजे खांबावरील मेहनत. या शेवटच्या प्रकारांत पुढील काळांतील मल्लखांबाचें मूळ अभ्यासकांना दिसतें. ही शिकवण राजाश्रित मल्लांसाठीं होती, शिकाऱ्यांसाठीं नव्हे, हें खरें. परंतु रानांत जाणाऱ्याची गरज तरी याहून निराळी कोणती? पाठीवर भार, पायांखालीं लांबची वाट, मध्यें नदी आणि धनुष्य ओढणारा बाहु, इतकीच ना?

मेहनतीइतकेंच विसाव्याचेंही शास्त्र आपल्याकडे जुनें आहे. वाग्भटानें ‘अष्टांगहृदया’च्या दिनचर्येंत अभ्यंगानंतर व्यायाम सांगितला, आणि तो बलवानानेंही थंडीच्या व वसंताच्या दिवसांत अर्ध्या शक्तीनेंच करावा, इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असा नियम घातला. व्यायाम संपल्यावर सर्वांगाचें मर्दन, मग उद्वर्तन व स्नान, असा क्रम त्यानें लावला आहे. अतिव्यायामानें तहान, धाप, क्षय व ग्लानि उद्भवतात, असेंही तो बजावतो. हत्तीला ओढूं जाणाऱ्या सिंहाचा जसा नाश होतो, तसाच शक्तीबाहेर श्रम करणाराचा होतो, हा त्याचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. आजचें शरीरशास्त्रही वेगळें सांगत नाहीं. श्रमानें स्नायूंची जी झीज होते ती भरून निघते विश्रांतींत व झोपेंत. म्हणूनच मोठ्या मोहिमेच्या आधींचे कांहीं दिवस मेहनत कमी करण्याची रीत पडली आहे.

मग मृगया हाच एक व्यायाम मानावा काय? या प्रश्नावर प्राचीनांत एकमत नव्हतें. मनूनें तिची गणना राजाच्या घातक व्यसनांत केली. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रां’त पिशुन या आचार्याचें मत दिलें आहे: चोर, शत्रु, श्वापदें, वणवा, ठेंच, दिशाभूल, भूक आणि तहान हीं सारीं संकटें मृगयेंत असल्यामुळें द्यूतापेक्षां मृगया वाईट. कौटिल्यानें उत्तर दिलें कीं, मृगयेनें व्यायाम घडतो, मेद झडतो, स्थिर व चल लक्ष्याचा नेम साधतो आणि प्राण्यांचें मन कळतें. दोघांचेंही म्हणणें एकत्र वाचावें. पिशुनानें मांडलेली संकटांची यादी हीच वस्तुतः तयारीची यादी आहे.

महाराष्ट्रांत तालीम आणि शिकार यांची सांगड पुढें कोल्हापुरांत ठळकपणें दिसली. राजर्षि शाहू महाराज स्वतः कसरतीचे व शिकारीचे शोकीन होते. पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करण्याची प्रथा त्यांच्या दरबारीं होती, आणि कुस्तीसाठीं खासबागेचें भव्य मैदान त्यांनींच 1912 मध्यें सिद्ध केलें. तालमींतील तांबडी माती, जोर-बैठका, मालीश आणि खुराक या साऱ्यांत वाग्भटाचा तो जुना क्रमच लोकांच्या अंगवळणीं पडलेला दिसतो.

या इतिहासाची दुसरी बाजू मात्र पोथ्यांत फारशी आढळत नाहीं. राजाच्या अभ्यंगाचें वर्णन सांपडतें. दिवसभर रान उठविणाऱ्या हाकाऱ्यांच्या विसाव्याचें वर्णन कोण करणार? याच मराठवाड्यांत वावरणारे फासेपारधी कोणत्याही तालमीवांचून मैलोगणती माग काढीत. त्यांची मेहनत हा छंद नव्हता, पोटाचा प्रश्न होता. इंग्रजी अमलांत 1871 पासून आलेल्या कायद्यांनीं पुढें त्यांच्यासारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 मध्यें तो कायदा गेला, पण लोकांच्या मनांतील शिक्का तितक्या लवकर पुसला गेला नाहीं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मृगयेचें युग संपलें, आणि तें संपणें इष्टच होतें. चित्ता तर त्यापूर्वींच भारतांतून नाहींसा झाला होता. मेहनतीचा धडा मात्र शिल्लक आहे. आज माळावर पहांटे धांवतात ते सैन्याच्या व पोलिसांच्या भरतीची आस धरलेले तरुण. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत छाती फुटेस्तोवर धांवण्याचा मोह त्यांना होतो. त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं त्यांस अर्ध्या शक्तीचा तो जुना नियम सांगावा. राखून ठेवलेलें अर्धें बळच ऐन वेळीं कामास येतें.