दुरुस्ती-पुस्तिकेची परीक्षा

यंत्राच्या देखभालीची पुस्तिका बरोबर आहे की नाही, हे पूर्वी ती लिहिणारे अभियंतेच ठरवत. मजकूर तांत्रिकदृष्ट्या अचूक असला की त्यांच्या लेखी काम संपे. ती वाचून नवख्या माणसाला खरोखरच काम जमते का, हे पडताळण्याची पद्धत मुख्यतः अमेरिकेच्या सैन्यदलांत वाढली. दुसऱ्या महायुद्धात शेतांतून आणि दुकानांतून भरती झालेल्या लाखो तरुणांच्या हाती एकाएकी ट्रक, रणगाडे आणि तोफा आल्या. त्यांच्यासाठी छापलेल्या पुस्तिका मात्र जाडजूड आणि रुक्ष होत्या.

‘द स्पिरिट’ या चित्रकथेचा कर्ता विल आयस्नर १९४२ मध्ये सैन्यात दाखल झाला आणि ‘आर्मी मोटर्स’ या देखभालविषयक नियतकालिकासाठी चित्रे काढू लागला. त्याने उभा केलेला जो डोप हा वेंधळा सैनिक निगा राखण्यात नाना चुका करी आणि त्यातून वाचणाऱ्याला योग्य रीत कळे. गंभीर विषय चित्रकथेतून सांगणे काही वरिष्ठांना पसंत नव्हते. वाद मिटवण्यासाठी शिकागो विद्यापीठाकडून नेहमीची पुस्तिका आणि चित्रकथा यांची तुलना करून घेण्यात आली, आणि समजण्यात व लक्षात राहण्यात चित्रकथा सरस ठरली, असे आयस्नर पुढे सांगत असे. कोरियन युद्धाच्या काळात, १९५१ मध्ये, याच धर्तीवर ‘पीएस’ मासिक निघाले. ते गणवेशाच्या खिशात मावेल एवढे होते, आणि १९७१ पर्यंत आयस्नर त्याचा कलादिग्दर्शक होता.

सूचनांच्या अभावाची किंमत सर्वांत कठोरपणे दिसली ती व्हिएतनाममध्ये. एम-१६ रायफल सैनिकांना मिळाली तेव्हा तिला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरलेला होता. सफाईची साधने आणि प्रशिक्षण दोन्ही अपुरे होते. त्यातच काडतुसांतली दारू बदलली होती. नव्या दारूने आत अधिक काजळी धरे. दमट हवेत क्रोमचा मुलामा नसलेला चेंबर गंजे आणि रिकामे काडतूस आतच अडकून बसे. लढाईच्या ऐन क्षणी रायफल बंद पडल्याच्या तक्रारी सैनिकांच्या पत्रांतून अमेरिकी काँग्रेसपर्यंत पोहोचल्या. १९६७ मध्ये प्रतिनिधी इकॉर्ड यांच्या उपसमितीने चौकशी करून लष्करी व्यवस्थेवर कडक ठपका ठेवला. चेंबरला क्रोमचा मुलामा देण्यात आला, सफाईची साधने वाटली गेली, आणि दशकाच्या अखेरीस आयस्नरच्या चित्रांची छोटी पुस्तिका जवानांच्या हाती आली. रायफल सुधारली ती या सगळ्यांमुळे; केवळ पुस्तिकेला ते श्रेय देता येत नाही. पण कोणता भाग कसा सोडवायचा, कुठे तेल द्यायचे आणि कुठे नाही, हे तिने ज्याला रोज करायचे त्याच्या भाषेत सांगितले.

त्याच दशकात अमेरिकी हवाई दलाने ‘पिमो’ नावाच्या प्रकल्पात सी-१४१ या मालवाहू विमानाच्या देखभालीसाठी पायरी-पायरीने, चित्रांसह कामे सांगणारी मार्गदर्शिका तयार करून ती प्रत्यक्ष कामावर तपासली. थोड्या सरावानंतर शिकाऊ मेकॅनिकही तिच्या आधारे अनुभवी माणसांच्या तोडीने काम करू लागले. यातले महत्त्वाचे पाऊल म्हणजे मोजमाप वाचनाचे न होता कामाचे झाले. सैन्यदलांच्या पुस्तिकांसाठी पुढे दुहेरी पडताळणी रूढ झाली: आधी पुरवठादार कंपनी प्रत्येक कृती करून पाहते, आणि मग ज्यांच्यासाठी पुस्तिका आहे त्याच दर्जाचे सैनिक खऱ्या यंत्रावर, पुस्तिकेतल्या शब्दांबरहुकूम, तीच कृती करतात. जिथे ते अडखळतात तो मजकूर बदलला जातो.

प्रत्येक पुस्तिकेची अशी चाचणी खर्चिक असते, म्हणून सूत्रांचा मार्गही शोधला गेला. १९७५ मध्ये जे. पीटर किंकेड आणि सहकाऱ्यांनी नौदलाच्या चार प्रशिक्षणशाळांतल्या ५३१ नौसैनिकांना नौदलाच्याच पुस्तिकांतले उतारे काही शब्द गाळून दिले. रिकाम्या जागा त्यांना कितपत भरता येतात यावरून रुडॉल्फ फ्लेश यांचे जुने वाचनीयतेचे सूत्र नव्याने बेतले गेले. फ्लेश-किंकेड हे सूत्र आज संगणकावरच्या लेखनप्रणालींतही असते. मात्र ते वाक्यांची लांबी आणि शब्दांतल्या उच्चारखंडांची (सिलॅबल्सची) संख्या एवढेच मोजते. सूचनेतली एखादी पायरी गळली, किंवा आवळण्याआधी सोडवण्याचा क्रम उलटा लागला, तरी गुण तेवढेच राहतात. ही उणीव मोठी आहे, आणि सूत्रावर विसंबणाऱ्यांनी ती फार सहज विसरली.

विमान उद्योगाने वेगळी वाट धरली. देशोदेशींच्या मेकॅनिकांना इंग्रजी पुस्तिका वाचाव्या लागत, म्हणून १९८०च्या दशकात युरोपातील उत्पादकांच्या संघटनेने मर्यादित शब्दांची ‘सिम्प्लिफाइड इंग्लिश’ तयार केली: एका शब्दाला एकच अर्थ, एका वाक्यात शक्यतो एकच कृती, कृतीचे वाक्य २० शब्दांच्या आत. १९९०च्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठ आणि बोइंग यांच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना एकच कार्यपद्धती नेहमीच्या आणि सोप्या अशा दोन्ही भाषाशैलींत देऊन पाहिली. अवघड कार्यपद्धतीत सोप्या शैलीचा फायदा स्पष्ट दिसला.

पण उत्तम तपासलेली पुस्तिकाही सर्व बिघाड आधी ओळखू शकत नाही. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातले मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर, जे पूर्वी स्वतः तंत्रज्ञ होते, फोटोकॉपी यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांबरोबर हिंडले. ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ या १९९६च्या पुस्तकात त्यांनी दाखवले की पुस्तिका फक्त ‘हे करा, मग ते करा’ सांगते, तर तंत्रज्ञाला बिघाडाचे कारण समजून घ्यावे लागते. ती समज तो जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांच्या गोष्टींतून मिळवतो. असे अनुभवाचे ज्ञान सर्वांपर्यंत पोहोचावे म्हणून १९९०च्या दशकात झेरॉक्सने फ्रान्समध्ये ‘युरेका’ ही प्रणाली सुरू केली. त्यात तंत्रज्ञ आपला उपाय लिहून पाठवत; दुसरे अनुभवी तंत्रज्ञ तो तपासून मान्य करत, आणि मगच तो लिहिणाऱ्याच्या नावासह सगळ्यांना उपलब्ध होई.