बालाघाटचा माळ : चराई, पर्जन्य आणि भाषा

धाराशिवहून बीडकडे जाणारा रस्ता येडशी ओलांडून येरमाळ्याच्या दिशेने निघाला की भूमीचे रूप पालटते. येडशीजवळ रामलिंगाच्या दरीत बरीच झाडी आहे आणि १९९७ पासून त्या भागाला अभयारण्याचा दर्जा आहे. पठारावर मात्र ही झाडी विरते. काळ्या रानांच्या मधूनमधून मुरमाड माळ दिसू लागतात. त्यांवर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते, तरवडाची झुडपे आणि अंतराअंतराने बोर, हिवर किंवा खैर. या माळांविषयी सुशिक्षितांत एक समज दृढ झाला आहे. पूर्वी येथे घनदाट अरण्य होते, माणसाच्या कुऱ्हाडीने ते तोडले, शेळ्यामेंढ्यांनी उरलेसुरले खाल्ले, आणि मागे राहिला तो माळ, असा तो समज होय. शालेय पुस्तकांतून, वनमहोत्सवाच्या भाषणांतून आणि शासकीय योजनांच्या प्रस्तावनांतून तो इतक्या वेळा आलेला आहे की त्याला पुरावा मागावा, असे कोणास वाटत नाही. बालाघाटच्या माळाचा फार मोठा भाग मोडलेल्या अरण्याचा अवशेष नसून, कोरडे हवामान आणि चरणारी मोठी जनावरे या दोहोंनी मिळून घडविलेली ती एक पुरातन भूमी आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. लेखक भाषेचा अभ्यासक असल्यामुळे विवेचनाचा आरंभ शब्दांपासून करणे त्यास सोयीचे वाटते.

‘माळ’ हा शब्द मराठीत केवळ अभाव दाखविणारा नाही. कालिदासाच्या ‘मेघदूता’त मेघ ज्या उंचवट्याच्या शेतजमिनीवर चढतो तिला ‘माल’ असेच म्हटले आहे. मराठीने ‘माळ’ आणि ‘मळा’ हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवले. विहिरीच्या पाण्यावर पिकतो तो मळा, पावसाच्या पाण्यावर गवत येते तो माळ. रान, वन, कुरण, गायरान आणि पडीक यांचेही अर्थ शेतकऱ्याच्या बोलण्यात एकमेकांत मिसळत नाहीत. माळढोक आणि माळटिटवी ही पक्ष्यांची नावेच सांगतात की माळाला त्याचे स्वतःचे रहिवासी आहेत. उजाड झालेल्या जागेच्या नावाने पक्ष्याला कोणी ओळखत नाही. येरमाळा या ग्रामनामाच्या शेवटीही ‘माळ’ ऐकू येतो. परंतु जुन्या लेखांतील रूप समोर ठेवल्याखेरीज ग्रामनामाची व्युत्पत्ती सांगणे हा भाषाशास्त्राचा छंद होईल, शास्त्र होणार नाही. म्हणून तो मोह येथे टाळलेला बरा.

याहून अधिक बोलका शब्द आहे तो ‘जंगल’. आज तो उच्चारताच दाट, ओलसर, उन्हाचा कवडसा न शिरणारी झाडी डोळ्यांपुढे येते. मूळ संस्कृत ‘जाङ्गल’ याचा अर्थ जवळजवळ याच्या उलट होता. आयुर्वेदाने भूमीचे जे प्रकार मानले, त्यांत ‘आनूप’ म्हणजे पाणथळ व दाट झाडीचा, आणि ‘जांगल’ म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा आणि हरिणांचा प्रदेश. चरकसंहितेत जांगल देशाचे वृक्ष म्हणून खदिर, धव, शल्लकी, बदरी, शमी इत्यादींची नावे येतात. म्हणजेच खैर, धावडा, सालई, बोर आणि शमी! बालाघाटच्या कोणत्याही उतारावर उभे राहून ही यादी ताडून पाहता येईल. मनुस्मृतीने तर कृष्णसार मृग जेथे स्वभावतः हिंडतो तो देश यज्ञास योग्य मानला. कृष्णसार म्हणजे आपला काळवीट, आणि काळवीट हा दाट अरण्यात कधीच राहत नाही; त्याला धावण्यास मोकळे गवत लागते. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच विद्वानाने १९८२ साली या शब्दाच्या अर्थाची ही उलथापालथ सविस्तर मांडली. प्राचीनांनी ज्या भूमीला आरोग्यदायी व श्रेष्ठ मानले, तीच भूमी आपण ‘जंगल नष्ट झालेली’ म्हणून हळहळतो, हा भाषेचा एक विलक्षण विनोद म्हटला पाहिजे.

शब्दांची साक्ष दोन-अडीच हजार वर्षांपलीकडे जात नाही. त्यापूर्वीची साक्ष हाडांची. कळंब तालुक्याच्या सीमेवरून वाहणारी मांजरा पुढे लातूर जिल्ह्यात उतरते. तेथे तिच्या काठच्या जुन्या गाळांत प्लाइस्टोसीन काळातील प्राण्यांचे अश्मीभूत अवशेष सापडले आहेत. त्यांत हत्तीकुळातील प्राणी आहेत, रानबैल आहे, घोडा आहे आणि पाणघोडाही आहे. ज्या मांजरेच्या खोऱ्यातील लातूर शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच खोऱ्यात एके काळी पाणघोडे डुंबत होते, ही गोष्ट मनात ठसण्यास थोडा वेळ लागतो. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे सु. आ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. त्यांतील एकावर माणसाने कोरलेली नक्षी आहे आणि तिचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. शहामृग हा मोकळ्या मैदानाचा पक्षी. दख्खनमध्ये त्या काळी मोकळी मैदाने होती, याचा याहून सरळ पुरावा कोणता?

ही मैदाने मोकळी राहिली कशी, या प्रश्नाचे उत्तर शोधताना दृष्टी दूर उत्तरेकडे वळवावी लागते, कारण तेथे या विषयाची चर्चा सर्वांत जोमाने झाली आहे. हिमयुगात युरोपपासून सायबेरियापर्यंत आणि पुढे अलास्कापर्यंत गवताचे एक अफाट मैदान पसरले होते. त्यावर केसाळ हत्ती म्हणजे मॅमथ, गवे, घोडे आणि रेनडिअर चरत. हिमयुग सरले, हवा उबदार व ओलसर झाली, मोठे प्राणी नाहीसे झाले आणि गवताच्या जागी शेवाळ, झुडपे व सूचिपर्णी वने आली. हवामान पालटले म्हणून प्राणी गेले, की शिकाऱ्यांनी प्राणी मारले म्हणून गवत गेले, हा वाद अद्याप मिटलेला नाही. सर्गेई झिमोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने दुसऱ्या पक्षाची कसोटी पाहण्यासाठी ईशान्य सायबेरियात चेर्स्कीजवळ १९९६ साली ‘प्लाइस्टोसीन पार्क’ स्थापन करून तेथे घोडे, गवे आदी चरणारे प्राणी सोडले. त्याचे म्हणणे असे की, जनावरे हिवाळ्यात बर्फ तुडवितात, त्यामुळे बर्फाची दुलई पातळ होते, थंडी जमिनीत खोल शिरते आणि कायम गोठलेली माती वितळत नाही. उन्हाळ्यात तीच जनावरे झुडपे मोडतात, शेण टाकतात आणि गवताला वाट करून देतात. प्रयोग लहान आहे आणि त्यावरून साऱ्या सायबेरियाचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परंतु हवामान आणि खूर ही दोन्ही मिळून भूमी घडवितात, हे सूत्र त्यातून हाती लागते.

आपल्याकडे बर्फ नाही. आपल्या माळाचा कर्ता पाऊस आहे, आणि तो वर्षातून चारच महिने काम करतो. धाराशिव जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातही एका वर्षाचा दुसऱ्याशी मेळ नसतो. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि या पठाराच्या वाट्यास उरलेले येते. पातळ मुरमाड जमिनीत ते पाणी फार काळ टिकत नाही. अशा ठिकाणी झाड जगते, पण झाडांची गर्दी होत नाही. मधल्या जागेत गवत येते. गवताचा जीव मुळांत असतो, म्हणून वरचे पाते खाल्ले गेले, जळाले किंवा वाळले तरी पहिल्या पावसाने ते पुन्हा फुटते. जनावर रोपट्याचा शेंडा खाते तेव्हा झाडाची वाढ खुंटते, गवताची मात्र खुंटत नाही. जुने वाळके गवत खाल्ले गेल्यामुळे नव्या कोंबास ऊन मिळते.

येथे येरमाळ्याच्या एका लोकाचाराचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. येडेश्वरीच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत भाविक रानातून चुनखडीचे खडे वेचतात. श्रद्धेच्या दृष्टीने त्याचा अर्थ निराळा आहे आणि तो भाविकांनीच सांगावा. भूशास्त्राच्या दृष्टीने हे खडे म्हणजे हवामानाची दप्तरे होत. पावसाचे पाणी जमिनीतील चुना विरघळविते, आणि कोरड्या हवेत ते पाणी उडून गेले की चुना खड्यांच्या रूपाने मातीत साकळतो. अतिवृष्टीच्या प्रदेशात असे खडे बनत नाहीत, कारण तेथे चुना वाहून जातो. याहून महत्त्वाची बाब अशी की, खडा साकळताना त्यात मातीतील कार्बन अडकतो. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते आणि झाडे हवेतला कार्बन निरनिराळ्या रासायनिक मार्गांनी घेतात, त्यामुळे गवतात कार्बन-१३ या जड कार्बनाचे प्रमाण तुलनेने अधिक असते. खड्यातील या प्रमाणावरून तो साकळला तेव्हा वर गवत होते की झाडी, हे ओळखता येते. प्राण्यांच्या अश्मीभूत दातांवरूनही ते काय खात होते, हे याच रीतीने कळते. लाखो हातांनी वेचलेल्या त्या खड्यांत असा इतिहास साठलेला असतो, हे कोणाही इतिहासाभ्यासकास विचारात पाडील.

भारतीय उपखंडात आफ्रिकेप्रमाणेच मोठे प्राणी बऱ्याच अंशी टिकले. तथापि गेल्या तीस हजार वर्षांच्या आसपास सरळ सुळ्यांचा महागज, स्टेगोडॉन, पाणघोडा आणि रानबैल येथून नाहीसे झाले. मग माळ झाडांनी भरून का गेला नाही? याचे एक उत्तर हवामानात आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळाचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा असे दोन दीर्घ अवर्षणकाळ दिसून आले. दुसरे उत्तर गोठ्यात आहे. रानबैल गेला, पण त्याचा पाळीव भाऊबंद आला. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील वस्तीच्या अखेरच्या टप्प्यात, इसवी सनापूर्वी १००० नंतर, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती आखडली आणि शेळ्यामेंढ्यांवरील भर वाढला. म. के. ढवळीकर यांनी याचे कारण वाढते अवर्षण असे दिले. त्यांच्या अनुमानावर पुढे मतभेद झाले. मात्र पाऊस हटला की दख्खनचा शेतकरी पशुपाल होतो, हे निरीक्षण १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्यांना परके वाटणार नाही.

पुढील दोन-अडीच सहस्रकांत माळावरच्या वन्य कळपांची जागा पाळीव कळपांनी अधिकाधिक घेतली. गाईंच्या रक्षणार्थ पडलेल्या वीरांचे वीरगळ गावोगाव उभे आहेत. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या दैवतांचे मूळ धनगर-गवळ्यांच्या या कोरड्या पट्ट्यात शोधले. लमाणांचे तांडे हजारो बैलांवर मीठ व धान्य लादून दख्खनभर हिंडत, आणि हे बैल वाटेतल्या माळावरच पोट भरत. ‘लमाण’ या शब्दात ‘लवण’ दडलेले आहे, पण त्या व्यापाराचे खरे इंधन गवत होते. पश्चिम महाराष्ट्रातील धनगर पावसाळा कोरड्या माळावर काढतो आणि दिवाळीनंतर पश्चिमेकडे, कोकणापर्यंत, उतरतो. कारण दख्खनी मेंढीला ओल सोसत नाही. वाटेत शेतकरी त्याच्या मेंढ्या रानात बसवून घेतो. लेंडीचे खत शेताला आणि धान्य धनगराला, असा हा जुना व्यवहार आहे. कळप हलता राहतो, म्हणून माळाला विसावा मिळतो. एकाच जागी बारमाही चराई झाली की चांगली गवते मरतात आणि कुसळी व तरवड तेवढे उरतात, हेही तितकेच खरे आहे. सबब चराई ही माळाची शत्रू नव्हे. शत्रू आहे ती खिळलेली चराई.

मध्ययुगीन मराठी वाङ्मय या दृष्टीने वाचण्याचा उपक्रम अलीकडेच झाला, ही आमच्या विषयाच्या अभ्यासकांस आनंदाची बाब आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. तेराव्या शतकापासूनच्या साहित्यातील वनस्पतींचे उल्लेख त्यांनी तपासले, तेव्हा त्यांत मोकळ्या माळावरील काटेरी वनस्पतींचाच भरणा अधिक दिसला. संतचरित्रांतील झाडे ही केवळ अलंकार नव्हेत, हे पंढरपूरला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. कान्होपात्रेच्या समाधीशी जोडलेली तरटी हे कोरड्या, उघड्या रानाचे झाड आहे.

एवढा पुरावा असता माळास ‘उद्ध्वस्त’ ठरविले कोणी? इंग्रजी अमदानीत जमिनीची किंमत दोनच मापांनी होत असे, सारा आणि इमारती लाकूड. माळ दोन्ही देत नव्हता. सातबाऱ्यावरील ‘पोटखराबा’ आणि ‘पडीक’ हे शब्द आजही तोच न्याय चालवितात. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे उदाहरण येथे पुरेसे आहे. तेथे माळढोक दिसू लागले म्हणून १९७९ साली अभयारण्य झाले, काळवीट वाढले. परंतु ‘सुधारणा’ म्हणून गवताच्या पट्ट्यांत गिरिपुष्पासारखी झाडे लावण्यात आली, आणि गेल्या काही वर्षांत तेथे माळढोक दिसणेच दुर्मीळ झाले. माळढोक नाहीसा होण्याची कारणे अनेक आहेत. झाडे लावणे हे त्यांतील एक, आणि सद्हेतूने घडलेले.

गायरानाचा प्रश्न इतका सोपा नाही, हे मान्य केले पाहिजे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यातील कित्येक दलित कुटुंबांना पुढे जी जमीन कसावयास मिळाली ती गायरानाचीच होती, आणि त्यांचा हक्क गवताच्या नावाखाली नाकारणे अन्यायाचे होईल. आज माळावरील मोठा दबाव या लहान तुकड्यांचा नाही. कळंब, वाशी, भूम या भागांत माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांचे रस्ते कुरणांतून गेले. दुसरीकडे हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत असल्यामुळे गवतापेक्षा झाडोऱ्याला अधिक बळ मिळते, असे शास्त्रज्ञ सांगतात. चरणारे कळप कमी झालेल्या माळांवर वेडी बाभूळ आणि घाणेरी पसरत आहे. पाऊसही लहरी झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्याच्या भूम-परंडा भागात महापुराने जनावरे दावणीलाच बुडाली.

केंद्र शासनाच्या ‘वेस्टलँड्स ॲटलस’मध्ये झुडपी आणि खडकाळ माळ आजही ओसाड जमिनीच्या सदरात मोजले जातात. जी उस्मानाबादी शेळी या माळावर पोसली गेली, तिचे नाव मात्र देशातील उत्तम जातींच्या यादीत आहे.