मळणी यंत्रात हात गेला तर भरपाई कोण देणार? बाँडवर सही करण्याआधी मजुरांनी हे वाचावे

सोयाबीन असो की हरभरा, मळणी सुरू झाली की मशीनमध्ये हात गेल्याच्या बातम्या येतातच. पुढे बहुतेक गावांत एकसारखेच घडते. चार माणसे बसतात, दवाखान्याचे बिल मालक भरतो, वर २५-५० हजार देतो आणि बाँडवर लिहून घेतो की 'आता माझी काही तक्रार नाही'. मजुरालाही वाटते, आपले नाव ना सातबाऱ्यावर, ना कारखान्याच्या हजेरीपटावर, मग मिळेल ते पदरात पाडून घ्यावे.

हा समज चुकीचा आहे. कामावर असताना कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, हा कायदा देशात १९२३ पासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे, पण मूळ हिशोब तोच राहिला. ट्रॅक्टर, इंजिन किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्राने शेतीकाम करणारा मजूर या कायद्याच्या यादीत आहे. म्हणजे मळणी यंत्र आले, कडबाकुट्टी आली, रोटाव्हेटरही आला. नुसत्या खुरपणीत विळा लागला तर मात्र या यादीत बसवणे अवघड जाते.

भरपाई किती, हे कोणाच्या मर्जीवर नाही, त्याचे कोष्टक ठरलेले आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर महिन्याच्या पगाराचे ६० टक्के आणि मृत्यू झाला तर ५० टक्के धरायचे, आणि त्याला वयाप्रमाणे दिलेल्या आकड्याने गुणायचे. समजा मजूर ४० वर्षांचा आहे आणि रोज ४०० रुपये, म्हणजे महिना १२,००० रुपये कमावतो. ४० वर्षांसाठी आकडा १८४.१७ आहे. १२,००० चे ६० टक्के ७,२००, गुणिले १८४.१७, म्हणजे सुमारे १३ लाख २६ हजार. मनगटापासून हात गेला तर कमाईची ताकद ६० टक्के गेली असे कोष्टक धरते. त्या मजुराची भरपाई होते सुमारे ७ लाख ९५ हजार. नुसता अंगठा गेला तरी ३० टक्के, म्हणजे जवळजवळ ४ लाख. मृत्यू झाल्यास वारसांना सुमारे ११ लाख ५ हजार. महिन्याचा पगार जास्त असला तरी हिशोबाला १५,००० पर्यंतच धरतात, ही मर्यादा २०२० पासून आहे. आता यापुढे ते २५ हजार ठेवून बघा.

कोष्टकातला टक्का हाही शेवटचा शब्द नाही. कोपराच्या वरून डावा हात गेलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये शंभर टक्के अपंग धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

बाँडचे काय? मजुराने भरपाईचा हक्क सोडला असे लिहून दिले तरी कायद्यापुढे ते लिखाण रद्दच. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाने रक्कम घरच्यांच्या हाती न देता सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर वर निम्म्यापर्यंत दंड.

'त्यानेच हात पुढे घातला' हे मालकांचे ठरलेले उत्तर. साध्या निष्काळजीपणाने हक्क जात नाही. दारू पिऊन काम करणे किंवा मशीनचे संरक्षक झाकण मुद्दाम काढणे यामुळे भरपाई अडते, पण मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही सबब चालत नाही. ठेकेदाराने आणलेला मजूर असेल तर ज्याच्या धंद्याचे ते काम आहे, त्या मूळ मालकाकडेही मागणी करता येते. त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावे.

खरी केस बिघडते ती दवाखान्यात. मालकावर केस नको म्हणून नातेवाईकच डॉक्टरांना 'घरी पडला' असे सांगतात आणि कागदावर तेच चढते. पुढे ते खोडता खोडता नाकीनऊ येतात. जे झाले तेच लिहायला लावावे, पोलिसांत नोंद करावी, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. मजुरीचा पुरावा म्हणून फोन-पे वरची नोंद, मुकादमाची हजेरी वही, सोबतच्या मजुरांचे जबाब चालतात.

एमआयडीसीतल्या कामगाराचे ईएसआय कापले जात असेल तर त्याची भरपाई ईएसआयकडून मिळते, दोन्हीकडून नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना सातबाऱ्यावरचा शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एकासाठी आहे. मजुराचा हा हक्क त्याहून वेगळा.

इकडे मालकही बहुतेक वेळा ३-४ एकरवाला शेतकरीच असतो. ७-८ लाख म्हणजे त्याची जमीनच गेली. मळणी यंत्र भाड्याने फिरवणाऱ्यांनी तरी मजुरांच्या भरपाईचा विमा काढावा, साधारण विमा कंपन्यांकडे तो मिळतो. ट्रॅक्टरच्या विम्यात मशीनवरचा मजूर आपोआप येत नाही.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. कुठे करायचा, हे जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात कळेल. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना वकील फुकट मिळतो. त्यासाठी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन लावावा.