मातीचा रंग आणि हरिणाचे डोळे

सियालदह स्थानकातून कॅनिंगकडे जाणारा लोहमार्ग 1862-63 साली घालण्यात आला. मातला नदीच्या काठी कलकत्त्याला पर्यायी बंदर उभारावे, हा त्यामागील हेतू. बंदराचा बेत फसला, लोहमार्ग मात्र टिकला. आणि बंदुका घेऊन निघणाऱ्या साहेब शिकाऱ्यांना सुंदरबनाच्या उंबरठ्यापर्यंत जाण्याची आयती सोय झाली. सियालदह हे नावही मुळी शियाल म्हणजे कोल्हा यावरून पडले असे सांगतात. तेव्हा शिकाऱ्याच्या वेशाची गोष्ट या स्थानकापासून सुरू करण्यास हरकत नसावी.

रानात शिरणाऱ्या शिकाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो बंदुकीचा नव्हे, अंगावरील कपड्याचा. पांढरा ड्रिल उन्हाळ्यात सुखाचा खरा, परंतु झाडीत तो कोसावरून दिसतो. यावरचा उपाय एखाद्या गिरणीत नव्हे, तर घरगुती घंगाळात सापडला. 1846 साली पेशावर येथे हॅरी लम्सडेन याने गाइड्स पलटण उभी केली, आणि थोड्याच काळात तिच्या सैनिकांचे कपडे धुळीच्या रंगाचे झाले. पांढरे सुती कापड नदीच्या गाळात भिजवून ते रंगवीत, असे सांगितले जाते. फारसीत खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. 1857 च्या धामधुमीत तर कित्येक गोऱ्या पलटणींनी चहाचे पाणी, शाई, माती, जे हाती लागेल त्यात आपले पांढरे गणवेश बुडविले. एकाच पलटणीत दहा छटा दिसत, आणि धुलाईगणिक त्या बदलत. पक्का खनिज खाकी रंग तयार झाला तो पुढे 1884 च्या सुमारास, लोह व क्रोमियम यांच्या क्षारांपासून. शिपायाने जे केले तेच शिकाऱ्यानेही केले. माझ्या मते कच्चा रंग शिकाऱ्याच्या अधिक उपयोगाचा होता. कारण कोठे गडद, कोठे फिकट असे डागाळलेले कापड झाडीत चटकन मिसळते.

या मिसळण्यामागील तत्त्व अमेरिकन चित्रकार ॲबट थेअर याने 1909 च्या आपल्या ग्रंथात मांडले. हरिणाची पाठ गडद आणि पोट पांढरे का? वरून पडणारा प्रकाश पाठ उजळवितो, पोटाखाली सावली पडते. अंगचा रंग या दोहोंना उलट छेद देतो आणि प्राण्याची गोलाई पुसून टाकतो. म्हणूनच छद्मावरणाचे काम रंग जुळविण्यापेक्षा आकृती मोडण्याचे अधिक आहे. घरी बंदुकीचा दस्ता किंवा पिशवी रंगविणारा माणूस हिरव्या रंगाच्या शोधात डबे धुंडाळतो, आणि वाळल्यावर चकाकणारा तेलरंग फासून मोकळा होतो. वास्तविक ती चकाकीच घात करते. हरिणाला तांबडा व हिरवा यांतील भेद फारसा कळत नाही; नारिंगी वाघ त्याला हिरवट झाडीचाच भाग वाटतो. उलट निळसर प्रकाश त्याला आपल्याहून चांगला दिसतो, म्हणून शुभ्रता वाढविणाऱ्या आजच्या धुलाईच्या भुकटीने धुतलेला कपडा त्याच्या डोळ्यांत भरतो. आपल्याकडील फासेपारधी या साऱ्या रंगशास्त्रावाचूनच पुढे गेले होते. शिकविलेली गाय पुढे घालून तिच्या आडून ते काळविटांच्या कळपाजवळ पोचत. चरणाऱ्या गाईचे भय काळविटाला कशाला वाटावे?

हीच विद्या एकदा खुद्द कलकत्त्याने अंगावर घेतली. 20 डिसेंबर 1942 च्या रात्री शहरावर जपानी बॉम्ब पडले. पुढील वर्षी व्हिक्टोरिया स्मारकाभोवती बांबूंची परांची बांधून त्या शुभ्र संगमरवरावर काळपट लेप चढविण्यात आला. चांदण्या रात्री ते वैमानिकाला खुणेसारखे दिसले असते. शत्रूपासून वस्तू लपवावयाच्या किंवा हिरावून घ्यावयाच्या, या धोरणापायी 1942 सालीच दक्षिण बंगालच्या खाड्यांतील हजारो होड्या सरकारने काढून घेतल्या होत्या. कोळ्याची उपजीविका आणि भाताची ने-आण त्या होड्यांवरच चाले. 1943 च्या दुष्काळाची कारणे अनेक होती, त्यांतले हे एक. सियालदहच्या आवारात आणि आसपासच्या रस्त्यांवर खेड्यांतून आलेली उपाशी माणसे पडून राहिली. स्मारकावर लेप चढत होता तोच हा काळ. त्या वर्षीच्या कारभाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; एक सरकारी नोकर म्हणून मला हा जोडवृत्तांत नेहमीच अस्वस्थ करतो. त्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या साथींत सुमारे तीस लाख माणसे दगावली असा अंदाज आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकाऱ्याचे रंगकाम थांबविले. सुंदरबनात मात्र रंग राहिला, तो वेगळ्या हातांत. वाघ बहुधा पाठीमागून झडप घालतो, हे ओळखून 1986 पासून मध गोळा करणाऱ्या मौलींना व लाकूडतोड्यांना माणसाच्या चेहऱ्याचे रंगविलेले मुखवटे देण्यात आले. ते डोक्याच्या मागच्या बाजूस बांधावयाचे. येथे लपणे नव्हते, उलट दिसणे होते. शिकार होण्याची पाळी असलेला माणूस वाघाला सांगत होता की, मी तुझ्याकडे पाहतो आहे. आरंभीच्या वर्षांत मुखवटा घातलेल्यांच्या मागून वाघ चालत आले, पण त्यांनी झेप घेतली नाही, असे आढळले. पुढे वाघ या युक्तीला सरावले असे म्हणतात, आणि मुखवट्यांचा वापर मागे पडला. आता रानाच्या कडेने, गावांच्या बाजूस, नायलॉनची जाळी लावलेली दिसते.