ब्राउझर : निवड व सुरक्षितता

ब्राउझर (न्याहाळक) : आंतरजालावरील पृष्ठे मागवून ती संगणकाच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दाखविणारी आज्ञावली. परवलीचे शब्द, बँकेचे व्यवहार व खाजगी पत्रव्यवहार तिच्यातूनच ये-जा करीत असल्याने दर्शकाबरोबरच द्वारपालाचे कामही तिला करावे लागते. समोरचे संकेतस्थळ खरे की बनावट, याचा निर्वाळा ब्राउझर देतो. तो कोणाच्या भरवशावर देतो, हे मात्र वापरणाऱ्यास सहसा ठाऊक नसते. ब्राउझरच्या निवडीचा इतिहास हा म्हणूनच बऱ्याच अंशी सुरक्षिततेचाही इतिहास आहे.

प्रारंभ : पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत तयार केला. संशोधकांना परस्परांचे दस्तऐवज सुलभपणे वाचता यावेत, हा त्यामागील हेतू होता. इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन व एरिक बीना यांनी तयार केलेल्या मोझेइक (१९९३) या सचित्र ब्राउझरमुळे जालाचा प्रसार सर्वसामान्यांत झाला. नेटस्केप कंपनीने १९९४ च्या अखेरीस नॅव्हिगेटर हा ब्राउझर बाजारात आणला. जालावर व्यापार सुरू व्हावयाचा, तर गुप्ततेची हमी आवश्यक होती. त्यासाठी या कंपनीने १९९५ मध्ये दोन तरतुदी केल्या : पाठविलेला मजकूर वाटेत कोणास वाचता येऊ नये म्हणून एसएसएल ही कूटलेखन पद्धती, आणि एका संकेतस्थळावरील आज्ञांना दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती वाचण्यास मज्जाव करणारा नियम. हा नियम आजही ब्राउझरच्या सुरक्षिततेचा पाया मानला जातो.

एकाधिकार व त्याचे परिणाम : मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर प्रसिद्ध केला व पुढे तो विंडोज प्रणालीबरोबर विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. संगणकाबरोबरच ब्राउझर मिळू लागल्याने निवडीचा प्रश्न ग्राहकापुढे उरला नाही व नेटस्केप मागे पडली. मे १९९८ मध्ये अमेरिकेच्या शासनाने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. कंपनीच्या विभाजनाचा आदेश अपील न्यायालयाने २००१ मध्ये रद्द केला; तथापि मक्तेदारी टिकविण्यासाठी बेकायदा मार्ग अवलंबिल्याचा निष्कर्ष कायम राहिला. प्रतिस्पर्धी न उरल्याने सुधारणाही मंदावल्या. एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये, तर सातवी २००६ मध्ये निघाली. दरम्यान, जून २००४ मध्ये काही संकेतस्थळांत शिरकाव करून त्यांमार्फत एक्सप्लोरर वापरणाऱ्यांच्या संगणकांत घातक आज्ञावली घुसविण्यात आल्या. तेव्हा अमेरिकेच्या शासकीय संगणक-सुरक्षा यंत्रणेने सुचविलेल्या उपायांत दुसरा ब्राउझर वापरणे हाही एक होता.

नेटस्केपच्या खुल्या केलेल्या आज्ञासंहितेतून विकसित झालेला फायरफॉक्स नोव्हेंबर २००४ मध्ये अवतरला. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम प्रसिद्ध केला. पृष्ठांचे कामकाज संगणकाच्या इतर भागांपासून अलग, बंदिस्त जागेत चालविणे आणि दुरुस्त्या आपोआप बसविणे, ही त्याची वैशिष्ट्ये होत. १५ जून २०२२ रोजी विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांसाठी एक्सप्लोररचा आधार संपुष्टात आला. मक्तेदारीचा प्रश्न मात्र मिटला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. क्रोमसह गूगलच्या आज्ञावली भ्रमणध्वनीत आधीच बसवून देण्याची सक्ती हा त्यातील एक मुद्दा होता. एज, ऑपेरा, ब्रेव्ह इ. नावे वेगळी दिसली, तरी त्यांचे अंतर्गत यंत्र क्रोमचेच आहे. परिणामी त्या यंत्रातील एखादा दोष सर्वांनाच बाधू शकतो.

विश्वासाची साखळी : संकेतस्थळाची ओळख पटविणारी प्रमाणपत्रे ठराविक संस्था देतात. त्यांपैकी कोणत्या संस्था विश्वासार्ह मानावयाच्या, याची यादी ब्राउझरमध्ये किंवा संगणकाच्या मूळ प्रणालीत असते. जुलै २०१४ मध्ये भारताच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र-यंत्रणेतून गूगलच्या काही संकेतनामांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघडकीस आले. भारतीय मूळ प्रमाणपत्राचा समावेश विंडोजच्या यादीत असल्याने त्या यादीवर विसंबणाऱ्या आज्ञावली फसण्याचा धोका निर्माण झाला. फायरफॉक्स स्वतःची यादी वापरीत असल्यामुळे व तीत हे प्रमाणपत्र नसल्यामुळे त्यास हा धोका नव्हता. संबंधित मध्यस्थ प्रमाणपत्रे भारतीय नियंत्रकांनी तत्काळ रद्द केली.

कूटलेखन नसलेल्या सर्व पृष्ठांवर क्रोमने जुलै २०१८ पासून ‘असुरक्षित’ अशी खूण दाखविण्यास सुरुवात केली. पत्त्याजवळील कुलपाच्या चिन्हाचा अर्थ मात्र मर्यादित असतो : मजकूर वाटेत वाचला जाणार नाही व पत्त्यातील नाव प्रमाणपत्राशी जुळते, एवढेच ते सांगते. संकेतस्थळ चालविणारा प्रामाणिक आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. भामट्यांनाही प्रमाणपत्र मिळविता येते. हा गैरसमज टाळण्यासाठी क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदलले.

वरील घटनांवरून निवडीच्या काही कसोट्या निष्पन्न होतात. दुरुस्त्या नियमितपणे मिळतात की नाही, निर्मात्याने त्या आवृत्तीचा आधार काढून घेतला आहे काय आणि वापरणाऱ्याची कोणती माहिती साठविली जाते, हे पाहणे आवश्यक ठरते. ब्राउझर अधिकृत ठिकाणाहूनच घेणे इष्ट असते. परवलीचा शब्द देण्यापूर्वी पत्त्यातील नाव अक्षरशः तपासण्याचे काम मात्र कोणताही ब्राउझर निवडला, तरी वापरणाऱ्यावरच राहते.