कागदाची राखी आणि हंसाचं पीस



दोन वर्षांपूर्वी राखीपौर्णिमेला माहेरी गेले, तेव्हा पिशवीत अकरा राख्या होत्या. सगळ्या क्विलिंगच्या, म्हणजे कागदाच्या बारीक पट्ट्या वळून केलेल्या. आषाढ लागल्यापासून रोज दुपारी तासभर बसून मी त्या केल्या होत्या. दादाला बांधली, चुलतभावांना बांधली, भाच्याला बांधली. जेवणं आटोपायच्या आत बघते तर भाच्याच्या मनगटावर दुसरीच राखी. बाजारची, रेशमी गोंड्याची, मध्ये चमकता खडा. माझी राखी ओवाळणीच्या तबकात, अक्षतांमध्ये पडलेली. वहिनी सहज म्हणाल्या, "ताई, कागदाचीच ना ती, पाणी लागून जाईल म्हणून काढून ठेवली."

त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण मला लागलं. परतीच्या एसटीत तेच डोक्यात घोळत होतं, "कागदाचीच ना ती". घरी आल्यावर मी या कलेच्या मागे लागले. कागदाच्या पट्ट्या वळून आपल्या माणसाला द्यायच्या, हे बायकांना कधी सुचलं, कुठे सुचलं, एवढंच आधी बघायचं होतं. बघता बघता पुष्कळ सापडलं, आणि त्यातलं थोडं माझ्याच अंगावर आलं. ते पुढे सांगते.

ही कला युरोपातल्या मठांमध्ये वाढली. फ्रान्स आणि इटलीतल्या ख्रिस्ती साध्वी कागदाच्या अरुंद पट्ट्या घेत, त्यांच्या कडेला सोनेरी मुलामा देत आणि वळून त्यांची फुलं, वेली, कमानी करत. फ्रेंचमध्ये या कामाला पेपरोल म्हणतात. धर्मग्रंथ बांधताना पानांच्या सोनेरी कडा कापल्या जात, त्या कातरणांपासून हे काम सुरू झालं असं सांगतात. काचेच्या पेटीत मधोमध एखाद्या संताच्या अस्थीचा कण आणि भोवती ही कागदी महिरप. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सोन्याच्या तारेचं काम आहे. कटकची चांदीची तारकशी तुम्ही पाहिली असेल, तसंच. इंग्रजीत या कागदकामाला पुढे फिलिग्री म्हणायला लागले, ते याचमुळे. तारकामालाच फिलिग्री म्हणतात.

म्हणजे सुरुवातच मुळी अशी आहे. जवळ सोनं नाही, पण ज्याला पूज्य मानलं त्याला सोन्यात मढवावंसं वाटतं. मग हाताशी जे आहे त्यातून करायचं. अस्थी पुजण्याची त्यांची रीत आपली नाही, पण हा भाव मला लगेच ओळखीचा वाटला. आपल्या आज्या पोथीसाठी वेष्टन शिवत, ते काय वेगळं होतं? नव्या लुगड्याचा काठ काढून वेष्टनाला लावलेला मी स्वतः पाहिला आहे.

आता नावाकडे येऊ. इंग्रजीत क्विल म्हणजे पिसाची दांडी, ज्याची लेखणी करत. पट्टी गुंडाळायला हीच दांडी वापरत, म्हणून नाव पडलं क्विलिंग. पीस बहुधा हंसाचं, कारण लेखणीही त्याचीच असे. हे वाचताना मी जरा थबकले. गळून पडलेली पिसं तिकडे वापरत, तशी पाळलेल्या हंसांची उपटूनही घेत. आपल्याला पीस म्हटलं की पिच्छी आठवते. मोराने आपणहून टाकलेली पिसं गोळा करून बांधलेली, जीव बाजूला सारण्यासाठी. चातुर्मासानंतर पिच्छी परिवर्तन होतं तेव्हा जुनी पिच्छी संयमाचा नियम घेणाऱ्या श्रावकाला मिळते. पिसाची भेट म्हणायची तर माझ्या लेखी तीच. आज क्विलिंगला पीस लागत नाही हे बरंच झालं. लाकडी मुठीची, टोकाला चीर असलेली सुई मिळते, तीत पट्टीचं टोक अडकवायचं आणि फिरवायचं.

मठांतून ही कला इंग्लंडमध्ये श्रीमंत घरांच्या दिवाणखान्यात पोचली ती १८व्या शतकात. १७८६ साली 'न्यू लेडीज मॅगझिन' नावाच्या मासिकाने बायकांसाठी तिचे नमुने छापले. सुतार खास पेट्या करून देत. चहाचे डबे, दागिन्यांच्या पेट्या, ज्यांच्या बाजू थोड्या खोलगट ठेवलेल्या असत, आणि घरच्या मुली त्या खोलगट भागात वळलेल्या पट्ट्या बसवत. नुसती पट्टीची कड वर दिसते, त्यामुळे सगळा पृष्ठभाग जाळीसारखा भरून येतो. राजा तिसऱ्या जॉर्जची मुलगी एलिझाबेथ हिने १७९१ साली राजघराण्याचे फर्निचर करणारे चार्ल्स एलियट यांच्याकडून घेतलेल्या सामानाची नोंद आहे. १५ औंस रंगीत फिलिग्री कागद, १ औंस सोनेरी कागद, एक कुलूपकिल्लीची पेटी आणि तिला शोभेल असा चहाचा डबा. १५ औंस म्हणजे जवळजवळ सव्वाचारशे ग्रॅम. वळायच्या पट्ट्या किती हलक्या असतात हे ज्यांनी हातात धरल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. राजकन्येने बराच मोठा बेत आखला होता!

मला या नोंदीने सुखावलं, खोटं कशाला बोलू. "कागदाचीच ना ती" म्हणणाऱ्यांना राजकन्येचं उदाहरण तोंडावर फेकता येईल, असं वाटलं. पण पुढच्याच वाचनाने ते सुख घालवलं.

जेन ऑस्टेनची 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' ही कादंबरी १८११ साली आली. तीत एक संध्याकाळ आहे. लूसी स्टील नावाची मुलगी एका बड्या घरात पाहुणी म्हणून राहिली आहे. तिथल्या लाडावलेल्या लहान मुलीसाठी, ॲनामारियासाठी, ती फिलिग्रीची टोपली करते आहे. यजमानीण बाई म्हणतात, मेणबत्तीच्या उजेडात हे काम करून डोळे दुखतील, आज राहू दे. म्हणतात तसं, पण पोरीचा हिरमोड होईल हेही हळूच सुचवतात. लूसीला बरोबर कळतं. ती लगेच म्हणते, छे छे, मी तर बसणारच होते, आणि मेणबत्त्या मागवते. एलिनॉर नावाची दुसरी मुलगी पट्ट्या वळून द्यायला पुढे होते. तिला काही टोपलीची हौस नाही. तिला लूसीशी एकांतात बोलायचं आहे, कारण दोघींचं मन एकाच तरुणात गुंतलं आहे. मग एका टेबलाशी त्या दोघी शेजारी शेजारी बसतात. हात पट्ट्या वळताहेत, जिभेवर साखर आहे आणि मनात काय चाललंय ते त्या दोघींनाच माहीत.

हाताने केलेली भेट म्हणजे त्यात प्रेम असतंच, असं आपण किती सहज म्हणतो. ही टोपली तर लहान मुलीला दिलेली, कष्टाने केलेली, डोळे शिणवून केलेली. आणि तिच्यात खुशामत आणि मत्सर यांशिवाय काही नाही.

ते वाचून मी माझ्या अकरा राख्यांकडे वळले. त्या करताना माझ्या मनात कोण होतं? भाचा? त्याला कोणता रंग आवडतो हे मी एकदाही विचारलं नव्हतं. एका राखीला मी ३ मिलिमीटरच्या पट्टीच्या चाळीस पाकळ्या लावल्या होत्या, त्या आठ वर्षांच्या मुलाला दिसणारही नव्हत्या. दिसणार होत्या त्या माझ्या चुलत जावांना, फोटोत. ताईच्या हातात कला आहे, हे ऐकायचं होतं मला. राखी काढून ठेवली तेव्हा दुखावला तो माझा मान. कषायांची नावं आपण रोज प्रतिक्रमणात घेतो, क्रोध, मान, माया, लोभ. दुसरा इतक्या नाजूक पाकळ्यांत लपून बसतो हे मला त्या टोपलीने दाखवलं.

मग मी आपल्याकडच्या बायकांच्या भेटींबद्दल वाचू लागले. १०व्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या १००० प्रती लिहवून वाटल्या, हे आपल्यापैकी पुष्कळजणींनी ऐकलेलं असेल. मल्लिकब्बेचं नाव मात्र मला नवीन होतं. मूडबिद्रीला षट्खंडागमाच्या ज्या ताडपत्री पोथ्या जपल्या गेल्या, त्यांतल्या महाबंधाच्या पोथीच्या प्रशस्तीत तिचं नाव आहे. श्रीपंचमी व्रताच्या उद्यापनाला तिने ही प्रत लिहवून घेतली आणि माघनंदी मुनींना दिली. उद्यापनाला आपण आज ताटं, डबे, स्टीलचे तांबे वाटतो. त्या बाईने जे दिलं ते आजवर टिकलं. तिने अक्षर स्वतः काढलं नाही, लिहवून घेतलं. म्हणजे भेट स्वतःच्या हातचीच हवी हाही माझाच हट्ट.

तरी हातचं करणं मी सोडलं नाही. त्याचं एक साधं कारण आहे, आणि ते रेशीम. राखीचा धागा म्हणजे रेशीम असं बाजार धरून चालतो. रेशमाचा अखंड धागा मिळवायला कोष आतल्या जिवासकट उकळत्या पाण्यात टाकतात. आपल्याकडे रक्षाबंधन साजरं होतं ते विष्णुकुमार मुनींनी हस्तिनापुरात अकंपनाचार्यांसह ७०० मुनींचा उपसर्ग दूर केला म्हणून. त्या दिवशी जिवांना उकळून काढलेला धागा बांधायचा, हे मला पटत नाही. कागद आणि सुती दोरा, यात ती अडचण नाही.

कागदातही पाहायला लागतं बरं का. युरोपातला त्या काळचा लिहायचा कागद जनावरांची कातडी उकळून केलेल्या सरसात बुडवून काढत, म्हणजे शाई फुटत नसे. राजकन्येच्या पट्ट्याही तशाच कागदाच्या असणार. आपल्याकडे तेच काम तांदळाच्या किंवा गव्हाच्या खळीने होई आणि मग गुळगुळीत दगडाने कागद घोटत. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा लागतं, तिथे पिढ्यान्पिढ्या हातकागद होत आला. जुन्नरचा कागदही पेशवाईत नावाजलेला होता. आजच्या क्विलिंगच्या पट्ट्या बहुतेक गिरणीच्या कागदाच्या असतात, आणि चिकटवायचा पांढरा गोंद पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचा, कारखान्यात बनणारा, त्यात सरस नाही. मी आधी घरच्या खळीने चिकटवून पाहिलं होतं. पावसाळ्यात त्यात लगेच जीव होतात, तेव्हा ते नको. वरून चमक यावी म्हणून काहीजणी लाखेचं पॉलिश देतात. लाख म्हणजे किड्यांचंच, तीही नको. आणि काम दिवसाउजेडी. चातुर्मासात दिव्याभोवती किती जीव जमतात ते सांगायला नको. लूसीच्या मेणबत्त्या आपल्या कामाच्या नाहीत.

मागच्या वर्षी मी राखीपौर्णिमेच्या चार दिवस आधीच माहेरी गेले, राख्या न करता. नुसत्या पट्ट्या, दोन सुया आणि गोंद घेऊन. भाच्याला विचारलं, तुझ्या बहिणीने तुला बांधायची राखी कुठल्या रंगाची करूया? तो म्हणाला, ध्वजाची. म्हणजे आपले पंचपरमेष्ठींचे पाच रंग. लाल, पिवळी, पांढरी, हिरवी आणि निळी अशा पाच पट्ट्या टोकाला टोक चिकटवून एकच लांब पट्टी केली आणि तिची घट्ट चकती वळली. पाचही रंगांची वर्तुळं एकात एक आली. चकती घट्ट असली की थेंबभर पाण्याला दाद देत नाही. स्वस्तिक किंवा ॐ काढायचा नाही हे मी आधीच सांगितलं, कारण राखी शेवटी कुठेतरी पडते आणि मग अविनय होतो. भाचीची चकती वळताना दोनदा सुटली. तिसऱ्यांदा वहिनींनी तिच्या हातातून घेतली आणि बघता बघता इतकी घट्ट वळली की मी पाहतच राहिले. पुरणपोळीची कड मिटणारे हात ते.

पिवळी पट्टी कमी पडली तेव्हा वहिनींनी कपाटावरून जुन्या पत्रिकांचा गठ्ठा काढला, लग्नाच्या, पंचकल्याणकाच्या. पिवळा जाड कागद, कडेला सोनेरी रेघ. कात्री घेऊन त्यांनी नुसती कोरी कड कापली. भगवंतांचा फोटो आणि णमोकार असलेला भाग जपून वेगळा ठेवला, मंदिरात नेऊन द्यायच्या डब्यात.